राहिलेले किलो

"आता हंय काय्येक रवला नाय," भाई म्हणाले. "कारखानो बंद. जावा बायांनो, जंय काम मिळात थंय जावा. माजी आडकाठी नाय."

भाई म्हणजे माझे सासरे, वासुदेव आरोलकर. काजूच्या कारखान्याच्या अंगणात, वजनकाट्याच्या ओट्यावर ते उभे होते आणि समोर आमच्या साठएक बायका. मागे जळलेली सोलणीची शेड. पत्रे वेडेवाकडे होऊन खाली आले होते आणि त्यांच्याखालून अजून धूर येत होता. काजूच्या टरफलात तेल असतं. ते एकदा पेटलं की विझल्यावरही घशात बसून राहतं. पुढे महिनाभर आम्हाला चहालाही तोच वास येत होता.

आग रविवारी दुपारी लागली होती. सुट्टीचा दिवस, त्यामुळे कोणाला इजा झाली नाही. काजूगर वाळवायची जी भट्टीची खोली असते तिला आमच्याकडे बोरमा म्हणतात. शनिवारच्या मालासाठी पेटता ठेवलेल्या त्या बोरम्याच्या धुराड्यातून ठिणगी उडाली आणि बोरमा, सोलणीची शेड, कटिंगची टेबलं, सगळं गेलं. कच्च्या बियांचं गोदाम तेवढं वाचलं, कारण वारा उलटा होता. आणि ओट्यावरचा काटा वाचला.

बायका हलेनात. पुढे सुलूबाय उभी होती. सुलोचना रेडकर, पंचावन्नच्या आसपासची, कारखाना सुरू झाला त्या दिवसापासून सोलणीला बसणारी. बाकीच्या बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"भाई," ती म्हणाली, "खंय जावचा आमी?"

"नायकांक फोन केलंय मी. पलीकडल्या हद्दीत तेंचो कारखानो असा. फुडल्या सोमवारपासून टेम्पो धाडतले ते. सगळ्यांका घेतले."

मी पडवीत उभी होते. नाईक म्हणजे आमचा प्रतिस्पर्धी. आमच्या बायका मिळाव्यात म्हणून तो किती वर्षं टपून बसला होता. आणि भाईंनी स्वतः फोन करून त्याला ताट वाढून दिलं होतं! वर तोंडावर असं समाधान, की जणू साठ मुलींची लग्नं एका मांडवात लावून आलेत.

भाई असेच होते. दुसऱ्याला अडकवून ठेवणं त्यांना जमायचं नाही. आपल्याकडे द्यायला काम नसेल तर माणसाला मोकळं करावं, हा त्यांचा धर्म. धर्म चांगलाच होता. पण त्या धर्माने आमचा कारखाना आगीपेक्षा जास्त जाळला असता.

मी कोल्हापूरकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून 'घाटावयली सून'. नवरा मस्कतला नोकरीला, म्हणून कारखान्याचं ऑफिस मीच बघायचे आणि संध्याकाळी काट्यावरही मीच बसायचे. बायकांना मजुरी किलोवर होती. दिवसभर सोललेले गर टोपात घालून त्या रांगेने काट्यापाशी यायच्या, मी वजन करायचे, आकडा मोठ्याने म्हणायचे आणि लिहायचे. मग ते गर मागच्या मोठ्या लाकडी पेटीत ओतले जायचे. आमच्याकडे 'किलो' या शब्दाचा अर्थ नुसतं वजन नव्हता. "तिचो किलो मोठो" म्हणजे ती कामाला वाघीण. "आज किलो नाय पडलो" म्हणजे तब्येत बरी नाही, किंवा नवऱ्याने रात्री तमाशा केला. सून बघायला गेले तरी लोक विचारायचे, किलो किती पडता?

विम्याचं खूळ माझंच. माझा मावसभाऊ विमा एजंट आहे. त्याने दोन पॉलिसी घ्यायला लावल्या. एक इमारत, यंत्रं, माल जळला तर त्याची. ती भाईंना पटली. दुसरी, आगीमुळे कारखाना जितके दिवस थांबेल त्या दिवसांच्या नुकसानीची. ती काही केल्या पटेना.

"जळला तेचे पैशे देतत ता समाजला," ते मावसभावाला म्हणाले होते, "पण जो धंदो जावकच नाय तेचे पैशे? पोर जन्माक येवक नाय आणि बारशाचे पेढे?"

शेवटी माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी सही केली. दरवर्षी हप्ता भरताना माझं नाव घेऊन "वैजूच्या पेढ्यांचे पैशे" असं म्हणून चेक फाडायचे. बायकांची मजुरीही त्या पॉलिसीत धरा, असा हट्ट मी धरला होता. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. ऑफिसात बसून एवढंच दिसत होतं की आमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा तोच आहे.

विमा कंपनीचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. हेरवाडकर नाव. उंच, वाळका, बिनसाखरेचा चहा पिणारा. माणसाच्या तोंडावर हसू नाही की दुःख नाही. अर्धा दिवस तो राखेतून फिरला, फोटो काढले, धुराड्याचा पत्रा पायाने उलटून बघितला. मग पडवीत येऊन बसला आणि भाईंना म्हणाला, "आग अपघाताची आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पहिल्या पॉलिसीचं मार्गी लागेल. आता दुसरीचं. कारखाना कधी सुरू करताय?"

"सुरू कसलो?" भाई म्हणाले. "बंद केलंय. बायकांक मोकळ्यो केलंय."

हेरवाडकरांनी पेनाला टोपण लावलं.

"मग माझं निम्मं काम संपलं," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे असं, वहिनी. ही दुसरी पॉलिसी बंद पडलेल्या धंद्याची नाही, थांबलेल्या धंद्याची आहे. तुम्ही बंद केलात, विषय मिटला. पण थांबला असेल आणि तुम्ही तो सुरू करायला धडपडत असाल, तर तो पुन्हा रुळावर येईपर्यंत, जास्तीत जास्त वर्षभर, जो नफा झाला असता तो मिळतो. आणि कारखाना थांबला म्हणून जे खर्च थांबत नाहीत, बँकेचं व्याज वगैरे, तेही."

"मी नफो केलंय असतंय ह्या कोणाक म्हायत?" भाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांच्या पोटात कित्येक वर्षं होता.

"तुमच्या मागच्या वर्षीच्या हिशेबाला माहीत आहे."

मी विचारलं, "आणि बायकांची मजुरी?"

"धरली आहे तुम्ही. बहुतेक लोक धरत नाहीत. पण वहिनी, दिली असेल तीच मिळते. बायका टेम्पोत बसून दुसरीकडे गेल्या, तर त्यांची मजुरी तुम्हाला कशाबद्दल द्यायची?" त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मजुरी सोडा. नवीन शेड बांधाल, नवीन यंत्रं आणाल. त्यावर बसवणार कोणाला?"

हे त्यांनी अगदी सहज विचारलं, पण घाव वर्मी बसला. काजूगरावरची तांबूस साल बारीक सुरीने काढायची, आणि गर अख्खा राहिला पाहिजे. अख्ख्याला भाव. फुटला की पाकळी, पाकळी फुटली की तुकडा, आणि प्रत्येक पायरीवर भाव खाली. नवीन बाई पहिलं वर्षभर निम्मा माल फोडते. सुलूबायच्या हातून पाकळी पडलेली मी फारच क्वचित पाहिली. या बायका गेल्या तर आमच्याकडे राहणार होत्या नुसत्या भिंती, आणि त्याही काळ्या.

"म्हणजे बायकांनी घरी बसायचं आणि आम्ही पगार द्यायचा?" मी विचारलं.

"मागच्या वर्षीच्या सरासरीने. दर आठवड्याला, सही-अंगठा घेऊन. पॉलिसी विचारत नाही त्यांनी काय केलं. विचारते, तुम्ही त्यांना धरून ठेवलंत का."

हेरवाडकर गेल्यावर भाई बराच वेळ त्या काट्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्यो घेवच्यो नायत."

"का नाही घेणार? पैसे आहेत!"

"बसान पैशे? माज्या बायका?" त्यांच्या आवाजात काळजी कमी आणि अभिमान जास्त होता, त्याचा मला फार राग आला. "जा, विचारून बघ. माका तर विचारूक पण लाज वाटता."

मी गेले. लाज मलाही वाटत होती, पण मी घाटावरची, आमच्याकडे लाज धरून पोट भरत नाही.

सुलूबायचं घर खालच्या वाडीत. अंगणात दहाबारा बायका जमल्या होत्या. सोमवारच्या टेम्पोसाठी पहाटे किती वाजता निघायचं, पोरांना शाळेत कोण पाठवणार, हेच चाललं होतं. सुलूबायने पाट दिला, पाणी दिलं.

मी सगळं सांगितलं. कारखाना बंद नाही, थांबलाय. चार-पाच महिन्यांत उभा राहील. तोवर दर शनिवारी मजुरी मिळेल. कोणी टेम्पोत जायचं नाही.

"काम काय?" सुलूबायने विचारलं.

"काम नाही. काम नाहीये म्हणूनच तर."

"मगे किलो कसलो?"

"किलो नाही. मागच्या वर्षीच्या हिशेबाने मजुरी."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. कोपऱ्यातली एक पुटपुटली, "मालकाचा जळला आणि ह्यो बसान खातत, असा म्हणतले गावात."

"मालकाचे नाहीत पैसे! विमा कंपनी देणार आहे."

"ती कोणाची?" सुलूबायने विचारलं.

"सरकारी."

"सरकार माका कित्याक देता? मी काय लाडको जावय तेचो?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले, म्हटलं बर्फ वितळला. कसलं काय! सुलूबाय पुन्हा गंभीर झाली. "नाय गो वयनी. तू शिकलेली, तुका समाजता. आमका काय समाजता? टोप काट्यार ठेवलो, किलो पडलो, पैसो घेतलो. टोपात काय नाय आणि पैसो घेवचो, तर रातची झोप येवची नाय. नायकाकडे जावक आमका तरी खंय बरा वाटता? पण थंय किलो तरी असा."

मी परत समजावलं. हप्ता भरलाय, म्हणून हक्काचे आहेत. आजारी माणसाला रजेचा पगार मिळतोच ना. सरकारी मास्तर मे महिन्यात घरी बसून पगार घेतो की नाही? यावर त्या म्हणाल्या, मास्तराची गजाल वेगळी. ती का वेगळी, हे कोणीच सांगेना. प्रत्येक मुद्द्याला सुलूबाय मान हलवायची, "खराच गो," म्हणायची, आणि शेवटी "पण किलो खंय असा?" शब्दाचं हे एवढंसं भूत आणि माझ्या सगळ्या शहाणपणाला पुरून उरलं.

मग माझा तोल गेला.

"जा मग!" मी ओरडले. "बसा नाईकाच्या टेम्पोत. तुमची अब्रू राहू दे, तुमची झोप राहू दे! मी उद्या नवीन यंत्रं आणीन, ती चालवायला काय कोल्हापुरातनं बायका आणू? त्यांना काजू खाता येतो, सोलता येत नाही. मला तरी कुठं येतो? एवढी वर्षं झाली, अजून माझ्या हातात गर दिला की तुकडे पडतात. भाई आग लागल्यापासून नीट जेवले नाहीत. तुम्हाला मोकळं केलं म्हणून छाती काढून सांगतात आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतात. तुम्ही गेलात तर ते कारखाना उभा करणार नाहीत. आणि त्यांनी कारखाना सोडला तर ते किती दिवस राहतील मला माहीत नाही. मला भीती वाटते. झालं समाधान?"

बोलता बोलता मी रडायला लागले. रडायचं अजिबात ठरवलं नव्हतं. घाटावयली सून वाडीत जाऊन रडली, ही गजाल पुढे वर्षभर पुरली असणार.

सुलूबाय उठून आत गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. तो माझ्या हातात दिला. मग पायरीवर बसली.

"भाई जेवक नाय?" तिने विचारलं.

"पेज घेतात थोडी."

"कितके म्हयने म्हणालंस?"

"चार-पाच."

"पाच म्हयने पैसो घेवचो, आणि किलो नाय." तिने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. त्यांच्यात काहीतरी ठरलं. एक शब्द न बोलता बायका कसं ठरवतात, ते तिथेच पाहावं. "बरा. घेतो. पण गजाल सरळ असूक व्हयी, वयनी. किलो रवले."

"हो, राहिले," मी घाईने म्हणाले. त्या क्षणी तिने चंद्र मागितला असता तरी मी हो म्हटलं असतं.

"आमी सगळ्यो सांगतंव तुका. किलो रवले."

"राहिले, सुलूबाय, राहिले."

सोमवारी टेम्पो आला आणि रिकामा गेला. त्या दिवशी भाई दोन वाट्या आमटी जेवले आणि मला म्हणाले, "तिखट केलंस वायच." म्हणजे गाडी रुळावर आली.

पुढचे महिने धावपळीचे गेले. कंपनीने थोडी रक्कम आगाऊ दिली, त्यातून मजुरी निघाली. बोरमा नव्या विटांचा, धुराडं उंच, शेडला वेगळे पत्रे. बेळगावच्या एका मिठाईवाल्याला आम्ही इतकी वर्षं माल देत होतो, दिवाळीला तो आमच्याकडून तुटला तर कायमचा तुटणार होता. हेरवाडकरांनीच फोनवर सांगितलं, दुसरीकडून माल घेऊन त्याला द्या, जास्त पडतील ते पैसे क्लेममध्ये दाखवा, गिऱ्हाईक टिकवायला केलेला खर्च आम्ही मान्य करतो. मग भाई कोणाकडे गेले असतील? नाईकांकडे. आणि नाईकानेही माल दिला, भाव चढा लावून. "टेम्पोचा डिझेल वसूल केल्यान," भाई हसत म्हणाले.

शनिवारी मात्र पडवीत मेल्यासारखं वाटायचं. बायका यायच्या, सही नाहीतर अंगठा द्यायच्या, पाकीट पदराखाली लपवायच्या आणि भाईंकडे न बघता निघून जायच्या. भाईही त्या वेळी पेपरात तोंड घालून बसायचे. दोन्हीकडे चोरी केल्यासारखी तोंडं. जाताना कोणी ओट्यावर शेवग्याच्या शेंगा ठेवून जायची, कोणी केळ्याची फणी, कोणी सुके बांगडे. मला वाटलं, चला, एवढ्याने त्यांची टोचणी कमी होत असेल तर बरंच आहे.

दिवाळी झाली आणि कारखाना सुरू झाला. एक लग्न होऊन गेली ती सोडली तर सगळ्या बायका आल्या. नव्या शेडमध्ये आपापल्या जुन्या जागी, कोणी न सांगता, बसल्या. संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे काट्यावर बसायला गेले तर तिथे भाई.

"आजपासून काट्यार मी बसतंय," ते म्हणाले. "तू माल बघ, डबे बघ. माका आता दुसरा काय जमता?"

मला राग आला. माझी जागा ती. पण म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिलं.

दीडएक महिना गेला असेल. एका संध्याकाळी मी पॅकिंगच्या खोलीत होते. तिथल्या खिडकीतून लाकडी पेटी दिसते. सुलूबाय टोप घेऊन आली. रांगेत उभी राहायच्या आधी इकडेतिकडे बघत पेटीपाशी गेली, टोपातले एक वाटीभर गर पेटीत ओतले, आणि मग काट्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्या मागून दुसरी आली. तिनेही तसंच केलं. मग तिसरीने.

चोरी कशी करतात ते मला माहीत होतं, प्रत्येक कारखान्यात थोडीफार होते. पण ही उलटी चोरी मी पहिल्यांदाच बघत होते. वजन व्हायच्या आधीच माल मालकाच्या पेटीत!

सुलूबायला मी वाटेत गाठलं.

"हे काय चाललंय?"

ती आधी दचकली, मग उलट माझ्यावरच उखडली. "तूच तां म्हणालंस ना, रवले म्हणान? फेडतंव ते. रोज वाटी वाटी."

माझ्या डोळ्यांसमोर तिचं अंगण आलं, गुळाचा खडा आला. मी जे बोलायचं म्हणून बोलले होते, ते साठ बायकांनी गाठीला बांधलं होतं.

"अहो, पण ते पैसे कंपनीने दिलेत! कारखान्याचं काही देणं नाही तुम्हाला."

"कंपनीक काजू धाडू? ती काय करतली काजवाचा?" ती म्हणाली. "आणि आयक. भाईक सांगू नको हां. तेंका वायट वाटात."

मला रात्रभर एकच कोडं. रोज इतक्या वाट्या बिनवजनाच्या पेटीत पडत असतील, तर डब्यात भरताना माल जास्त निघायला हवा. तो तर निघत नव्हता! भाईंनी लिहिलेलं वजन आणि माझे डबे रोज जवळपास जुळत होते, कधी कधी तर डब्यांतच किंचित कमी भरायचं. मग वाट्या जात होत्या कुठे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काहीतरी शोधायच्या निमित्ताने भाईंच्या मागे जाऊन उभी राहिले. सुलूबायचा टोप काट्यावर आला. काटा थांबला. भाईंनी मोठ्याने आकडा म्हटला आणि लिहिला. काट्यावर होता त्यापेक्षा जास्त. पुढचीचाही जास्त. तिच्या पुढचीचाही.

"भाई," मी हळूच म्हटलं, "काट्यावर तेवढं नाहीये."

"माका दिसता." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "डोळ्यांक वायच जास्त दिसता हल्ली."

"तुम्हाला माहीत आहे? त्या पेटीत—"

"वैजू," ते म्हणाले, "पाच म्हयने तेंनी मान खाली घालून पैशे घेतल्यांनी, माजो कारखानो रवाक होयो म्हणान. ता मी बघलंय. आता गप रव. आणि सुलूबायक सांगू नको. तिका वायट वाटात."

म्हणून ते पेपरात तोंड घालून बसत होते, आणि म्हणूनच माझी जागा बळकावली होती! वाट्या कुठे जात होत्या तेही कळलं, भाईंच्या वाढीव आकड्यात. मी तिथून निघून आले आणि पॅकिंगच्या खोलीत जाऊन डब्यांमध्ये बसून हसले. हसता हसता डोळे पुसावे लागले, ते वेगळं.

हेरवाडकरांनी शेवटचे कागद घेऊन जाताना विचारलं, आणखी काही सांगायचंय का. माझ्या मनाला टोचत होतं, म्हणून मी त्यांना हे सगळं सांगितलं. विचारलं, हे क्लेममधून वजा होणार का?

त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मला नुकसान मोजायला पाठवतात. हे मोजायला कोणी पाठवत नाही."

क्लेम मंजूर झाला. तो आला नसता तर आज कारखाना नसता, हे मी कोणालाही सांगते, आणि आमच्या भागात कोणी शेड टाकली की त्याच्यामागे दुसऱ्या पॉलिसीची भुणभुण लावते. लोक भाईंचाच प्रश्न विचारतात, न झालेल्या धंद्याचे पैसे कोण देतो म्हणून. मी त्यांना म्हणते, पैसे कंपनी देते. त्या पैशांनी वेळ मिळतो. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं.

भाई त्यानंतर सहा वर्षं काट्यावर बसले. रवलेले किलो कधीचे फिटले असतील. नसतीलही. दोन्हीकडून कोणी मोजतच नव्हतं, मग फिटले हे ठरवणार कोण? रोज वाटी पडत राहिली, रोज आकडा वाढत राहिला, आणि माझे डबे जुळत राहिले.

भाई गेले. त्यांच्या तेराव्यानंतर कारखाना पुन्हा उघडला. संध्याकाळी मी काट्यावर जाऊन बसले. ओट्यावर त्यांचा चष्मा तसाच होता. तो बाजूला ठेवायला माझा हात होईना, म्हणून तिथेच राहू दिला.

रांगेत पहिली सुलूबाय. आता तिची पाठ वाकली होती, पण किलो अजून तरण्या पोरींना लाजवणारा. ती आधी पेटीपाशी गेली, वाटीभर गर ओतले. लपवाछपवी कधीच संपली होती. मग तिने टोप काट्यावर ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मागची सगळी रांगही बघत होती.

काटा थांबला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग मोठ्याने आकडा म्हटला, काट्यावर होता त्यापेक्षा जास्त, आणि लिहिला.

सुलूबायने काट्याकडे पाहिलं, भाईंच्या चष्म्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले.

"भाईक वजनातला कायेक कळणा नाय होता," ती म्हणाली. "तुका पण कळणा नाय." आणि रिकामा टोप काखेला लावून, मागच्या बायकांकडे वळून म्हणाली, "उद्यापासून वायच जास्त ओतूक व्हया गो."